राखीच्या फायलीतलं दुसरं पान

१

फायलीत एक पान कमी होतं.

तुळशीराम रंगारींनी ती निळी फाइल तिसऱ्यांदा पहिल्यापासून चाळली. रक्ताचे रिपोर्ट, पोटाची सोनोग्राफी, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार लावलेलं. राखी होतीच तशी व्यवस्थित. पण दिल्लीच्या लॅबच्या पावतीवर तपासण्या दोन लिहिल्या होत्या, आणि रिपोर्ट एकच होता.

"दुसरा कागद कुठं आहे रे?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत काका," अश्वजीत म्हणाला. "फाइल तिच्याच कपाटात राहत होती. ती गेल्यापासून आज पहिल्यांदा उघडून राहिलो."

राखीला जाऊन बावीस दिवस झाले होते. एकतीस वर्षांची बाई, आणि तिचा नवरा अश्वजीत खोब्रागडे बावीस दिवसांत पंचेचाळिशीचा दिसायला लागला होता. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत ट्रकचे रेडिएटर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. आज दाढी न करताच आला होता.

तुळशीराम सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं काचेवर रक्त पसरत आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालत म्हातारे झाले होते. निवृत्त झाले तरी वस्तीने त्यांना सोडलं नाही. रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरच्या आधी लोक त्यांच्या ओट्यावर यायचे आणि त्यांच्या तोंडून "काही नाही रे" ऐकलं की हसत घरी जायचे. त्यांनाही ते आवडायचं. राखीसुद्धा गेल्या थंडीत कुणा मैत्रिणीचा कागद दाखवून गेली होती, चहा न घेता.

"तिला तो लाइम आजार होता ना?"

"हो. गोचिडीनं होते तो. हिमाचलात धरमशालेच्या सहलीत तिच्या मांडीले गोचीड चिकटली होती. दोन वर्षं नुसतं अंग दुखे, पोट दुखे, थकवा. कोणाले काही समजेना. प्रतीक डॉक्टरनं शोधून काढलं. तीन महिने सलाईनमधून औषध चाललं. छातीजवळ जी नळी बसवली होती ना, तिच्यातून जंतू रक्तात गेले, आणि..." मग खाली बघत म्हणाला, "आता चैत्रालीचं पण तसंच सुरू झालं काका."

तुळशीरामांचा हात फायलीवर थांबला. चैत्राली म्हणजे अश्वजीतची पोरगी, आठ वर्षांची.

"तिचं पण पोट दुखते. शाळेत झोपून जाते. डॉक्टर म्हणतात, आईसोबत तीही सहलीत होती. सोमवारी तिले नळी लावणार आहेत. त्यांनी राखीची पूर्ण फाइल मागितली, म्हणून आणली."

आज गुरुवार होता.

२

डॉ. प्रतीक तीन वर्षांपूर्वी पुण्याहून जबलपूरला आले होते. मन लावून रुग्ण तपासायचे. बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि खाली कापडाच्या दुकानांचा गलका. तुळशीरामांनी फाइल टेबलावर ठेवली आणि पावतीवर बोट ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, ही दुसरी तपासणी तुम्ही पाहिली होती का?"

डॉक्टरांनी पावती हातात घेतली.

"पहिली पॉझिटिव्ह होती," ते म्हणाले.

"पहिली टेस्ट म्हणजे रात्रीचा वॉचमन. सावली हलली तरी शिट्टी मारतो. चोर तोच का, हे दुसरी सांगते. मी दुसरीचं विचारतोय."

"तिने सांगितलं होतं, दुसरीही तेच म्हणते म्हणून. कागद घरी राहिला, पुढच्या वेळी आणते म्हणाली. मग उपचार सुरू झाले, ती दवाखान्यात पडल्यापासून आठ दिवसांत उठून बसायला लागली, जेवायला लागली. मला वाटलं, औषध लागू पडतंय. घरी गेली की पुन्हा खालावायची, म्हणून पुन्हा भरती करायचो." त्यांचा आवाज उतरला. "मी कागद मागायला हवा होता."

भिंतीवर एक फोटो होता. डॉक्टरांच्या कुठल्याशा सभेत प्रतीक माइकसमोर उभे होते आणि पडद्यावर गोचिडीचं मोठं चित्र होतं. जबलपुरातली पहिली लाइमची रुग्ण त्यांनी शोधली होती. तुळशीरामांच्या मनात एक कडवट विचार येऊन गेला. ज्या कागदाने ही सभा फुकट गेली असती, तो कागद या माणसाने बघितलाच नाही, की बघून बाजूला ठेवला?

"पोरीची दुसरी टेस्ट?"

"पाठवलीय, यायला दहा दिवस लागतील. पहिली काठावर आहे. एरवी मी थांबलो असतो, पण आईचं कन्फर्म होतं ना. एकदा उशीर झाला, काका. पुन्हा नको."

तुळशीरामांनी तिथूनच लॅबच्या कलेक्शन सेंटरला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली की राखीचा दुसरा रिपोर्ट जानेवारीत तिच्या मोबाइलवर गेला होता, छापील कागदही तिनेच सही करून नेला होता, आणि डुप्लिकेट यायला आठवडा लागेल.

अश्वजीत जिन्यातच उभा होता. त्याने खिशातून राखीचा मोबाइल काढला. तो त्याने बंद केला नव्हता, रोज चार्ज करायचा. लॅबचे सगळे मेसेज त्यात होते, एक सोडून. जानेवारीचा मेसेज कुणीतरी खोडला होता.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळशीराम अश्वजीतच्या घरी गेले. अश्वजीत कामावर होता. दार त्याच्या आईने, कुसुमबाईंनी उघडलं.

"जय भीम भाऊ. या, बसा. जेवून राहिली पोरगी."

चैत्राली जमिनीवर बसून कढी-भात खात होती. डोळे खोल गेलेले, चेहरा पांढरट. समोर कढीचं उभं पितळी पातेलं, गंज, होता, आतून चांदीसारखा लखलखीत.

"राखीच्या मायनं लग्नात देल्ला होता हा गंज," कुसुमबाई म्हणाल्या. "आई गेल्यापासून पोरगी दुसरं काही तोंडाले लावत नाही. हीच कढी पाहिजे, याच गंजातली पाहिजे. मी रोज करतो. काल रातची उरली की आज सकाळी गरम करून देतो." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तिच्या आईचं पण तसंच होतं. आपण नाही भाऊ खात, मले गुडघ्यापायी वैद्यानं आंबट बंद केलं. अन् अश्वजीतनं तर लहानपणापासून दही-ताकाले कधी तोंडच लावलं नाही."

त्यांनी तुळशीरामांना वाटीभर कढी दिलीच. कढी डोळे मिटावेत इतकी आंबट होती, आणि गिळल्यावर जिभेवर मागे थोडा गोडवा रेंगाळला.

"गूळ घातला का?"

"छे बापा! कढीत कोण गूळ टाकते?"

तुळशीरामांनी वाटी खाली ठेवली. त्यांना राखीच्या आजारपणाचं ऐकायचं होतं, आणि कुसुमबाईंना सांगायचं होतंच. बावीस दिवस त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"खोटं काहून बोलू? मी तिले नाटकी म्हणत होती. दोन वर्षं हेच. हातातून भांडी पाडायची, म्हणे मनगट लुळं पडते. हिरड्या काळ्या पडल्या होत्या, मी म्हटलं मंजन करत जाय. अन् भाऊ, माहेरी भंडाऱ्याले गेली की पंधरा दिवसांत टुणटुणीत! इथं आली की पुन्हा खाटेवर. कोणीही काय समजेल? कामचुकार आहे, असंच ना! सगळ्या वस्तीत मीच सांगत फिरली. मग तो डॉक्टर म्हणाला की गोचिडीचा आजार आहे, कागदावर आला आहे. त्या दिवशी मी तिच्यासाठी पहिल्यांदा चहा ठेवला." कुसुमबाई रडायला लागल्या. "तीन महिनेच पाजला जी."

"धरमशालेहून आल्यावरच सुरू झालं ना हे सगळं?"

"आल्यावर कुठलं? जातानाच गाडीत पोटाले धरून बसली होती. आम्ही म्हटलं, गाडीतलं खाऊन बाधलं."

तुळशीराम एकदम ताठ बसले. गोचीड धरमशालेत चावली. पण दुखणं जबलपूरहूनच गाडीत चढलं होतं.

"आजोबा, ये देखो," चैत्राली एक पुस्तक घेऊन त्यांच्या मांडीशी आली. "मम्मीने दिलं. बाराखडी. स्कूलमध्ये तो हिंदी है ना, म्हणून मम्मी मला घरी मराठी शिकवत होती. आता कोणी नाही शिकवत."

पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं, कोपरे नीट मुडपलेले, मागची बाजू जरा जाडच. तुळशीरामांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने पुस्तक परत घेताना ते तिच्या हातातून निसटून पडलं, आणि उचलताना पुन्हा पडलं.

४

त्या संध्याकाळी तुळशीरामांनी आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरला हुकूम सोडला.

"पोरीच्या बोटातून एक थेंब घ्या. काच द्या, रंग द्या, आणि तो सूक्ष्मदर्शक पुसून द्या."

"काका, तिचा सीबीसी झालाय. थोडा ॲनिमिया आहे, बाकी—"

"तो मशीननं केलाय साहेब. मशीन मोजतं, बघत नाही. राखीचे या फायलीत अकरा रिपोर्ट आहेत. एकाही ठिकाणी माणसानं काच बघितल्याची नोंद नाही."

डॉक्टर वाद घालणार होते, पण मग उठले आणि स्वतःच काच घेऊन आले. चैत्राली अजिबात रडली नाही. आईला सुया टोचताना तिने इतकं पाहिलं होतं की बोट तिनेच पुढे केलं. ते बघून तुळशीरामांना फार वाईट वाटलं.

रंग सुकला. त्यांनी डोळा लावला. तांबड्या पेशी फिकट होत्या. आणि त्या पेशींवर, एकीवर, मग दुसरीवर, मग जिथे बघावं तिथे, निळ्या शाईची पिचकारी उडावी तसे बारीक निळे ठिपके होते.

हे ठिपके त्यांनी यापूर्वी फार वर्षांपूर्वी पाहिले होते, बॅटऱ्या गाळणाऱ्या दोन मजुरांच्या रक्तात.

"या. बघा."

प्रतीकनी डोळा लावला आणि काच कडेपर्यंत सरकवून पाहिली. उचलला तेव्हा चेहरा उतरला होता.

"शिसं," ते म्हणाले.

"शिसं. पोटात कळा, थकवा, सांधे दुखणं, रक्त कमी, हिरड्यांवर काळी रेघ, मनगट लुळं. तुमच्या पुस्तकात सगळं एकाच पानावर असेल. फक्त तुम्ही दुसरंच पान उघडून बसला होता, आणि दोष तुमचा एकट्याचा नाही. गोचीड खरंच चावली होती."

"पण ती दवाखान्यात बरी व्हायची..."

"माहेरीही बरी व्हायची. सासूला वाटलं कामचुकार, तुम्हाला वाटलं औषध लागलं. साहेब, दोन्हीकडे तिनं एकच गोष्ट केली. ती घरापासून लांब राहिली. विष त्या घरात आहे."

डॉक्टरांनी सोमवारची नळी तिथल्या तिथे रद्द केली. शिशाच्या तपासणीसाठी पोरीचं रक्त त्याच संध्याकाळी रवाना झालं.

"मग माझ्यामुळे आलं असणार," दारात उभा असलेला अश्वजीत म्हणाला. "आमच्या कारखान्यात शिसं असते. कपड्यांवरून आलं असेल. माझ्या कपड्यांवरून, काका?"

५

तुळशीरामांनी त्याचंही बोट टोचलं. अश्वजीतच्या पेशी स्वच्छ होत्या, एकही ठिपका नाही. कुसुमबाईंच्याही तशाच.

"कपड्यांवरून आलं असतं तर आधी तुझ्या अंगात गेलं असतं," तुळशीराम म्हणाले. "एका घरात चार माणसं. पाणी एक, हवा एक, पीठ एक. दोघी आजारी, दोघं ठणठणीत. त्या दोघी असं काय खात होत्या, जे तू खात नाहीस आणि तुझी आई खात नाही?"

अश्वजीतला कळेना. तुळशीरामांना दुपारपासून कळलं होतं. आंबटात शिसं उतरलं की ते गोड लागतं, आणि तो जिभेवरचा गोडवा अजून गेला नव्हता.

शनिवारी सकाळी ते दोघे गंज पिशवीत घालून गोहलपूरला गेले. जगदीश कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भट्टी लावून बसला होता. हातावर जुने डाग, कानावर बिडी. त्याने गंज उजेडात धरून बघितला.

"हमारा ही काम है, दो साल पहले का. पर माल हमारा नहीं था. माल तो भैया खुद लाए थे."

तुळशीरामांनी वळून बघितलं. अश्वजीतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"सगळेच नेतात काका," तो म्हणाला. "आई म्हणते, कल्हईवाले भेसळ करतात, कथील आपलं न्यावं अन् समोर बसून करून घ्यावं. राखीचा गंज काळा पडला होता. बुद्धपौर्णिमेले खीर त्यातच करायची म्हणे ती. मी... मी रेडिएटरले डाग द्यायच्या सोल्डरच्या कांड्या नेल्या. रिजेक्ट मालातल्या, सुपरवायझरले विचारून घेतल्या. चांदीसारख्या चमकत होत्या. मले वाटलं, कंपनीचा माल आहे, बाजारापेक्षा चोख असेल."

"हमने पूछा नहीं," जगदीश हळूच म्हणाला. "ग्राहक अपना माल लाए, तो हम पूछते नहीं. बुरा मान जाते हैं, कि देखो, अपना बेचना चाहता है."

त्याने डब्यात हात घातला. अश्वजीतच्या मालातला एक तुकडा अजून उरला होता, ग्राहकाची वस्तू म्हणून त्याने जपून ठेवला होता. दुसऱ्या हातात त्याने शुद्ध कथलाची कांडी घेतली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आधी ती ओढली, काहीच उमटलं नाही. मग त्याने अश्वजीतचा तुकडा ओढला. कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ आली, शिशाची.

"असली रांगा लकीर नहीं छोड़ता," जगदीश कथलाची कांडी दाखवत म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

आंबट कढी, तीही रात्रभर गंजात मुरलेली, शिसं चाटून घेत होती. दोन वर्षं राखीने तीच सकाळी संपवली, कारण उरलेलं टाकवत नाही आणि घरात दुसरं कुणी खात नाही. लेक आधीही थोडी खायची; आई गेल्यावर तो सगळा वाटा तिच्याकडे आला.

अश्वजीत रस्त्याच्या कडेला खाली बसला. लोक बघत होते, त्याला भान नव्हतं.

"पौर्णिमेच्या दिवशी ती किती खूश होती काका. सारखा आत चेहरा पाहत होती. म्हणे, आईच्या घरी होता तसा झाला. मी मारलं का तिले?"

तुळशीराम त्याच्या शेजारी खाली बसले. चौतीस वर्षं लोक त्यांना असेच प्रश्न विचारत आले होते आणि त्यांच्याकडे नेहमी उत्तर असायचं.

६

पोरीच्या रक्तात शिसं चिकार निघालं, पण वेळेत निघालं. शिसं अंगाबाहेर काढणारी औषधं सुरू झाली. गंज पोत्यात बांधून माळ्यावर गेला. पोट दुखणं थांबलं, आणि एके दिवशी शाळेतून निरोप आला की चैत्राली वर्गात भांडली. कुसुमबाईंनी तो निरोप सगळ्या वस्तीत सांगितला.

पण ते हरवलेलं पान तुळशीरामांच्या डोक्यातून जाईना. डुप्लिकेट आला होता, अपेक्षेप्रमाणे निगेटिव्ह. राखीला लाइम कधी नव्हताच. मग मूळ कागद गेला कुठे?

डॉक्टरांनी लपवला नाही, त्यांच्या हातात तो कधी पडलाच नव्हता. अश्वजीतला लपवायचा असता तर त्याने फाइल आणून दिली नसती. कुसुमबाईंना तर तो कागद लॉटरीसारखा होता, "बघा, हिला काही झालंच नाही" म्हणून त्यांनी तो वस्तीभर नाचवला असता. उरली एकच व्यक्ती. व्यवस्थित, एकही कागद न फेकणारी. मेसेज तिनेच खोडला असणार, आणि कागद तिने अशा जागी ठेवला असणार जिथे सासू आणि नवरा कधी हात घालणार नाहीत.

त्यांना पुस्तकाचं ते जाड कव्हर आठवलं.

एका रविवारी ते खोब्रागड्यांच्या घरी गेले. अश्वजीत आणि कुसुमबाई समोर होते. चैत्रालीने बाराखडी आणून दिली. त्यांनी खाकी कागदाची मागची घडी अलगद उलगडली. आत चौपदरी घडी केलेलं दिल्लीच्या लॅबचं पान होतं. निगेटिव्ह. मागच्या कोऱ्या बाजूवर राखीच्या नेटक्या अक्षरात तीन ओळी होत्या. तुळशीरामांनी त्या मनात वाचल्या आणि चष्मा काढला.

"काय लिहिलं आहे?" अश्वजीतने विचारलं.

त्यांना तो कागद खिशात घालून उठता आलं असतं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'तुळशीराम काकांना मैत्रिणीचा म्हणून दाखवला. काका हसून म्हणाले, तिला सांग, तुला काही झालेलं नाही, कामाला लाग. म्हणजे आजार नाही. पण दुखतं तर आहे. आता घरी काय सांगू?'"

गेल्या थंडीतली ती संध्याकाळ तुळशीरामांना आता पूर्ण आठवली. तिने अंगठ्याने नाव झाकून धरलं होतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलंही नव्हतं. बघितलं असतं तर हिरड्या दिसल्या असत्या.

"अश्वजीत," ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला विचारलंस, मी मारलं का तिला. तू तिचा गंज चमकवलास. मी तिला परत पाठवलं. लाइम नाही, एवढंच त्या कागदावर लिहिलं होतं. काही नाही, हे मी माझ्या मनानं जोडलं. तिच्याजवळ एक नाव होतं, त्या नावावर तिला घरात चहा मिळत होता. ते मी काढून घेतलं असतं, म्हणून तिनं कागद लपवला. लपवला नसता तर नळी लागली नसती. आपल्या दोघांत कुणाचं किती, ते मला मोजता येत नाही."

कुसुमबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझं पण धरा भाऊ," त्या म्हणाल्या.

चैत्राली इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिने बापाच्या हातातून तो कागद घेतला आणि आईच्या अक्षरावरून बोट फिरवत बाराखडीतली ओळखीची अक्षरं शोधली. मग तुळशीरामांना विचारलं, "आजोबा, मम्मीला तो गोचीडवाला आजार नव्हता?"

"नाही बेटा."

"फिर... आजी म्हणायची तसं नाटक?"

"नाही. तिच्या अंगात शिसं गेलं होतं. तुझ्या गेलं होतं, तसंच. तुला दुखायचं ना पोटात?"

"बहुत."

"तिला त्याहून जास्त दुखायचं."

पोरीने कागदाची घडी घातली.

"म्हणजे मम्मी सच्ची में बीमार होती?"

"खरंच आजारी होती," तुळशीराम म्हणाले. हे वाक्य राखीने त्यांच्या ओट्यावर मागितलं होतं, आणि ते पाच महिने उशिरा देत होते. "दोन वर्षं खरंच आजारी होती तुझी आई."

चैत्रालीने मान डोलावली आणि आजीकडे वळून बघितलं. कुसुमबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, राखीच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "ऐकलं का वं माय? भाऊ म्हणून राहिले, तू खरी होती." मग त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ट्रे होता, आणि घरात माणसं चार असली तरी ट्रेमध्ये चहाचे पाच कप होते.